'मनमिळाऊ आणि कष्टाळू': एका शिफारसपत्राचं प्रकरण

सप्टेंबरातल्या एका दुपारी ओपीडी आटपत असताना मुंबईहून फोन आला. आमच्याकडच्या दोन तरुण सर्जननी तिथल्या एका मोठ्या रुग्णालयात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांच्या एक वर्षाच्या फेलोशिपसाठी अर्ज केले होते, आणि फोन त्या विभागाच्या प्रमुखांचा होता. मुलाला मुलाखतीला बोलावलं होतं. मुलीचं नाव यादीत नव्हतं. जुनी ओळख म्हणून त्यांनी कारणही सांगितलं. "मॅडम, मुलगी स्वभावाने चांगली आहे हे तुमच्या पत्रावरून कळलं. तिचा हात कसा आहे ते मात्र कळलं नाही. आणि लग्न ठरलंय असं तुम्हीच लिहिलंय. वर्ष पूर्ण करेल का, असा प्रश्न आमच्या कमिटीत निघाला."

पत्र माझं होतं. लग्नाचं वाक्यही माझंच, आणि ते मी तिचं भलं व्हावं म्हणून घातलं होतं.

पुढचं सगळं त्या दोघांना विचारून लिहिते आहे. त्यांची ओळख पटेल असे तपशील तेवढे गाळले आहेत.

आमचं रुग्णालय सिंधुदुर्गात, किनाऱ्याजवळ. ट्रस्टचं, 60 खाटांचं. दोन ऑपरेशन थिएटर, त्यातलं एकच दुर्बिणीच्या कामाचं. भूलतज्ज्ञ शेजारच्या तालुक्यातून येतात. मी इथे 25 वर्षं जनरल सर्जरी करते आहे. एमएस, म्हणजे सर्जरीतली पदव्युत्तर पदवी, झालेली मुलं आमच्याकडे रजिस्ट्रार म्हणून दोन वर्षं काढतात, कारण शहरात जे वाट बघूनही मिळत नाही ते इथे रोज हाताला लागतं: अपेंडिक्स, अडकलेले हर्निया, फुरसं चावून सुजलेले पाय, आंब्याच्या कलमावरून पडलेली माणसं, मधुमेहाच्या चिघळलेल्या जखमा, महामार्गावरचे अपघात. ही दोघं एकाच महिन्यात रुजू झाली. दोघंही हुशार आणि दोघंही मला आवडणारी.

एमएसचा प्रवेश नीट-पीजी या प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर होतो, त्यापुढच्या एमसीएच या पदवीचा नीट-एसएसच्या. तिथे कोणाच्या पत्राला किंमत नाही. त्यामुळे शिफारसपत्र म्हणजे एक उपचार, अशी माझ्या पिढीतल्या बऱ्याच डॉक्टरांची समजूत आहे आणि माझीही होती. पण रुग्णालयांच्या स्वतःच्या फेलोशिप, परदेशात पाहून शिकायच्या ऑब्झर्व्हरशिप, अमेरिकेतली रेसिडेन्सी (तिथलं पदव्युत्तर प्रशिक्षण), इथे पत्र बारकाईने वाचलं जातं. अमेरिकेच्या रेसिडेन्सीच्या अर्जात तर एकेका प्रोग्रॅमला चार-चार पत्रं जोडता येतात. अर्ज वाचणाऱ्याने उमेदवाराला कधी थिएटरमध्ये पाहिलेलं नसतं. तिथे मी त्याचे डोळे असते.

शिवाय आपल्याकडची पत्र लिहायची रीत. "ड्राफ्ट तूच करून आण, मी बघून सही करते." मीही दोघांना हेच सांगितलं. पत्रं इंग्रजीत होती, त्यातला मजकूर इथे मराठीत देते.

मुलाच्या ड्राफ्टमध्ये होतं: दोन वर्षांत 58 दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया स्वतः केल्या, अवघड पित्ताशयात वेळेवर पोट उघडायचा निर्णय घेतो, रात्रीच्या टीमचं नेतृत्व करतो. मुलीच्या ड्राफ्टमध्ये होतं: मॅडमच्या मार्गदर्शनाखाली विविध शस्त्रक्रिया करण्याची संधी मिळाली, इमर्जन्सी कामाचा अनुभव घेता आला, नवीन शिकण्याची इच्छा आहे. तो 'केल्या' म्हणत होता, ती 'संधी मिळाली' म्हणत होती. सही करताना हा फरक मला दिसला नाही. तिचा ड्राफ्ट थोडा कोरडा वाटला, एवढंच, म्हणून मी त्यात जीव ओतायला बसले.

त्याच्या पत्रात मी एक ओळ घातली: माझ्याकडे काम केलेल्या उत्तम तरुण सर्जनपैकी हा एक आहे. तिच्या पत्रात अख्खा परिच्छेद घातला. अत्यंत मनमिळाऊ आणि कष्टाळू. रात्री-अपरात्रीही हजर असते. स्त्री रुग्ण तिच्याशी मोकळेपणाने बोलतात. सिस्टर आणि मावशी यांची लाडकी. वरिष्ठांचा मान राखते. आणि शेवटी: तिचं लग्न ठरलं आहे, तरीही कामाकडे तिने कधी दुर्लक्ष केलेलं नाही. पाकीट बंद करताना मला खरोखर वाटलं की तिचं पत्र जास्त चांगलं झालंय, त्यात जास्त जिव्हाळा आहे.

फोन आला त्या रात्री दोन्ही प्रती जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. हाताने काय केलं, डोक्याने काय ठरवलं, हे ज्या वाक्यात होतं त्याच्याखाली निळ्या पेनाने रेघ ओढली. स्वभाव, वागणूक, कष्ट यांच्याखाली लाल. त्याचं पत्र जवळजवळ सगळं निळं झालं. तिच्या पत्रात निळी रेघ एकच, आणि ती 'माझ्या मार्गदर्शनाखाली' या शब्दांच्या पुढे. म्हणजे तिचं जे एकमेव काम पत्रात होतं, त्याचंही श्रेय मलाच गेलं होतं.

आता 'रात्री-अपरात्रीही हजर असते' या शब्दांत मी काय दडपून टाकलं होतं ते सांगते.

आदल्या वर्षीचा जुलै. मासेमारी बंदीचे दिवस. जवळच्या वाडीतले सत्तरी ओलांडलेले एक मच्छीमार आजोबा घरात जाळं शिवत बसलेले असताना त्यांचा जुना हर्निया बाहेर आला. इतकी वर्षं ते तो हाताने आत ढकलत आले होते, त्या दिवशी तो गेला नाही. दिवसभर उलट्या. रात्री दहाला मुलाने रिक्षातून आणलं. मी कोल्हापूरला होते, परत निघाले तर करूळ घाटात दरड आलेली. गोव्याला बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात न्यायचं तर तीन तास, आणि वाटेत झाड पडलेलं. तिने मला फोन केला. "मॅडम, स्ट्रँग्युलेटेड आहे. वरची कातडी लाल झालीय, हात लावू देत नाहीत. मी घेते." 'घेऊ का' असं तिने विचारलं नाही. 'घेते' म्हणाली. स्ट्रँग्युलेटेड म्हणजे आतडं आवळलं जाऊन त्याचा रक्तपुरवठा तुटलेला. मी घाटाच्या माथ्यावर गाडीत बसून 'घे' म्हणाले, तेवढाच माझा त्या शस्त्रक्रियेत सहभाग.

रुग्णाचा मुलगा दारातच अडून बसला होता, "मोठे डॉक्टर खंय आसत?" म्हणून. तिने कागदावर आतड्याचं चित्र काढलं, कुठे आवळलं गेलंय ते दाखवलं, आतडं मेलं असेल तर कापावं लागेल आणि जीवाला धोका आहे हे स्पष्ट सांगितलं, आणि मगच संमतीपत्रावर सही घेतली. तो कागद अजून त्या केसपेपरला लावलेला आहे.

हर्नियाची पिशवी उघडल्यावर काळपट, वास येणारं पाणी निघालं. इथे नवखा सर्जन पहिली चूक करतो: आतड्याला आवळणारी रिंग, म्हणजे हर्नियाच्या तोंडाची कडा, घाईने कापतो, आतडं सुटून पोटात निसटतं, आणि मेलेला भाग कुठला हे शोधायला मग पोट उघडावं लागतं. तिने आधी आतडं हातात धरलं, मग रिंग कापली. गरम सलाइनमध्ये भिजवलेल्या मॉपमध्ये ते गुंडाळून ठेवलं, भूलतज्ज्ञांना पूर्ण ऑक्सिजन द्यायला सांगितलं, आणि घड्याळ लावून दहा मिनिटं थांबली. रंग परतला नाही, आतडं हललं नाही, मेसेंटरीतल्या, म्हणजे आतड्याला रक्त पोचवणाऱ्या पडद्यातल्या, धमनीचा ठोका लागला नाही. तेव्हा जवळपास पंधरा सेंटिमीटरचा तुकडा काढून दोन्ही टोकं दोन थरांत शिवली. हर्निया परत येऊ नये म्हणून एरवी कृत्रिम जाळी बसवतात, ती तिने बसवली नाही. जागा दूषित झालेली असताना जाळी घातली तर ती पिकण्याचा धोका, म्हणून शेजारचेच ऊतक ओढून दुरुस्ती केली. मी पहाटे पाचला पोचले तेव्हा ती नोट्स लिहीत होती. आजोबा नवव्या दिवशी चालत घरी गेले.

ही सगळी हकीगत मला पाठ होती. इतर डॉक्टरांना मी ती कौतुकाने सांगत असे. पण पत्र लिहिताना या रात्रीचं माझ्या हातून झालं ते 'रात्री-अपरात्रीही हजर असते'. तिने घेतलेला निर्णय माझ्या पत्रात नुसता कष्ट होऊन बसला. मुलाने एका रात्री अवघड पित्ताशयात दुर्बिणीचा हट्ट सोडून पोट उघडलं होतं, ते मात्र त्याच्या पत्रात 'वेळेवर निर्णय घेतो' म्हणून जसंच्या तसं राहिलं. दोन्ही निर्णय सारख्याच तोलाचे होते. खरं तर तिचा जास्त जड, कारण त्या रात्री शेजारी कोणी नव्हतं.

हे शब्द माझ्या हातात कुठून आले, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. उत्तर सुचलं ते एका लग्नाच्या घरी. कोणीतरी कोणाला स्थळ सुचवत होतं: मुलगी शांत आहे, मनमिळाऊ आहे, कष्टाळू आहे, मोठ्यांचा मान राखते, माणसं जोडून ठेवते. मी ऐकत उभी राहिले आणि मला माझं पत्र ऐकू यायला लागलं. शब्दन् शब्द तोच. आपल्याकडे मुलीची स्तुती करायची म्हणजे ही भाषा, आणि ती आपल्याला इतकी लहानपणापासून येते की ती इंग्रजीत लिहितानाही हलत नाही. 'सिन्सिअर', 'हार्डवर्किंग', 'व्हेरी प्लेझंट'. मी सर्जनची शिफारस करायला बसले आणि स्थळाची शिफारस करून उठले. मुलाबद्दल लिहिताना ही भाषा माझ्या मनातही आली नाही.

मी स्वतः बाई आहे. एमएसला सर्जरी घेतली तेव्हा 'गायनॅक घे, नीट संसार होईल' हे मी चार-पाच जणांकडून ऐकलं आहे. म्हणून ही गोष्ट माझ्याकडून होणार नाही अशी माझी खात्री होती. तो विश्वास चुकीचा होता, आणि हे केवळ माझ्यापुरतं नाही. 2016 साली भूविज्ञानातल्या संशोधन फेलोशिपसाठी 54 देशांतून आलेली 1,224 पत्रं तपासली गेली. सर्वोत्तम दर्जाचं पत्र मिळण्याची शक्यता स्त्रियांना पुरुषांच्या सुमारे निम्मी होती, आणि पत्र लिहिणारा पुरुष असो वा स्त्री, हे चित्र तसंच राहिलं. वैद्यकीय क्षेत्रातला गाजलेला अभ्यास 2003 सालचा, एका अमेरिकन मेडिकल कॉलेजात नेमल्या गेलेल्या डॉक्टरांच्या तीनशेहून अधिक पत्रांचा. त्यात वाचणाऱ्याच्या मनात शंका पेरणारी वाक्यं स्त्रियांच्या 24 टक्के पत्रांत सापडली, पुरुषांच्या 12 टक्के. माझं लग्नाचं वाक्य हा त्या प्रकाराचा शुद्ध नमुना आहे. 'तरीही दुर्लक्ष केलेलं नाही' असं म्हटलं की वाचणाऱ्याला आधी 'दुर्लक्ष' दिसतं.

2009 सालच्या आणखी एका अभ्यासात, मानसशास्त्राच्या प्राध्यापकपदासाठीच्या पत्रांत, आपुलकी, मदतीची वृत्ती, सांभाळून घेणं असे शब्द स्त्रियांच्या वाट्याला जास्त आले आणि असे शब्द जितके जास्त तितका उमेदवार वाचणाऱ्याला कमी योग्य वाटला. सर्जरी रेसिडेन्सीच्या पत्रांवरही अमेरिकेत काम झालं आहे. तिथे सगळ्यांचे निष्कर्ष अगदी एकसारखे नाहीत, फरक कुठे ठळक, कुठे पुसट. पण माझ्या टेबलावरच्या दोन कागदांत तो ठळक होता, आणि मला तेवढं पुरे होतं.

एक आक्षेप माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी घेतला, तो रास्त आहे. "पण ती खरंच मनमिळाऊ आहे ना? मग लिहायचं नाही?" लिहायचं. रुग्णाशी नीट बोलणं हे सर्जनचं कामच आहे. त्या रात्रीचं कागदावरचं चित्र हा त्याचा पुरावा आहे. पण मग ते चित्र लिहायचं, 'मनमिळाऊ' लिहून थांबायचं नाही. आणि मुलाचंही लिहायचं. तो एका मरणासन्न म्हाताऱ्या बाईंच्या उशाशी तिच्या मुलाची मुंबईहून येणारी गाडी पोचेपर्यंत बसून होता. ते मी त्याच्या पत्रात घातलं नव्हतं. त्याच्यातलंही काही मी कमी केलंच होतं.

त्याचं लग्न झालेलं आहे, वर्षाची मुलगी आहे. हे त्याच्या पत्रात कुठेच नव्हतं आणि कमिटीला तो प्रश्न पडला नाही. प्रमुखांची अडचण मी समजू शकते: 2017 पासून कायद्याने 26 आठवड्यांची प्रसूती रजा आहे आणि फेलोशिप वर्षाची. पण ती व्यवस्था करायची जबाबदारी त्यांची आहे. ठरलेल्या लग्नावरून उमेदवार बाजूला काढणं ही त्यांची चूकच. मात्र तो विषय त्यांच्या टेबलावर मी नेऊन ठेवला.

नवीन पत्र लिहायचं म्हणून दोघांची लॉगबुकं, म्हणजे केलेल्या शस्त्रक्रियांच्या नोंदवह्या, मागवली, आणि तिथे आणखी एक गोष्ट निघाली. त्याच्या 58 दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया, तिच्या 31. इमर्जन्सीत उलट, तिचं पारडं जड. मी गुरुवारच्या याद्या काढून बसले. गुरुवार हा आमचा दुर्बिणीचा दिवस, आणि गुरुवारीच दुपारी स्तनाच्या गाठींची आणि बायकांच्या मूळव्याधीची ओपीडी. बायका म्हणतात, डॉक्टरीणबाई असेल तर दाखवतो. म्हणून ती ओपीडीत, तो थिएटरमध्ये. सकाळच्या केसला ती कॅमेरा धरायची, दुपारी खाली जायची, आणि पुढच्या केसला हत्यारं त्याच्या हातात. हे कोणी ठरवून केलं नव्हतं. यादी मात्र माझ्या सहीने लागत होती. पत्रात तिच्या हाताबद्दल लिहायला मला कमी सुचलं त्याचं एक कारण इथेही आहे: दुर्बिणीच्या टेबलावर तिचा हात मी कमी पाहिला होता, कारण तो मीच तिथे कमी पोचू दिला होता.

बायका सर्जनच्या हाताबद्दल लोकांना अजून शंका असते म्हणून सांगते. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात 1,04,630 रुग्णांचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. स्त्री सर्जननी ज्यांची शस्त्रक्रिया केली त्यांच्यात 30 दिवसांतले मृत्यू किंचित कमी होते. फरक लहान आहे, पण उलट्या दिशेचा नाही.

तिला सांगणं सगळ्यात कठीण गेलं. केबिनमध्ये बोलावून दोन्ही पत्रं समोर ठेवली, लाल-निळ्या रेघांसकट. तिने शांतपणे वाचलं. आधी म्हणाली, "मॅडम, तुम्ही चांगलंच लिहिलंय." मग लग्नाच्या वाक्यापाशी थांबली. बराच वेळ काही बोलली नाही. "हे मी तुम्हाला घरच्यासारखं सांगितलं होतं," म्हणाली. "पत्रासाठी नव्हतं सांगितलं."

मी तिची माफी मागितली. प्रमुखांना फोन करून दुसरं पत्र पाठवते म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण त्या वर्षीची यादी बंद झाली होती. मुलाला जागा मिळाली, आणि ती त्याची हक्काचीच होती. तिचं एक वर्ष गेलं. ते मला भरून देता येणार नाही.

नवं पत्र आम्ही दोघींनी वेगळ्या रीतीने केलं. ड्राफ्ट तिच्याकडून मागितला नाही. तिने फक्त लॉगबुक आणि तिला स्वतःला महत्त्वाच्या वाटणाऱ्या पाच केस दिल्या, मजकूर मी लिहिला. प्रत्येक वाक्याला मी विचारलं: हे मी त्याच्याबद्दल असंच लिहिलं असतं का? अमेरिकेत इमर्जन्सी मेडिसिनवाल्यांनी 1990 च्या दशकातच ठरावीक प्रश्नांचं पत्र आणलं, सगळ्यांना तेच प्रश्न, म्हणजे लिहिणाऱ्याला स्वभावावर भटकता येत नाही. त्याने सगळा कल जातो असं नाही, पण हात आणि निर्णय यांची जागा रिकामी ठेवता येत नाही. मी तसेच चार प्रश्न कागदावर लिहून घेतले: एकटीने काय करते, कुठे मदत मागते, चूक झाल्यावर काय करते, माझ्या घरच्या माणसाची शस्त्रक्रिया तिच्याकडून करून घेईन का. चौथ्याचं उत्तर लिहायला एक क्षणही लागला नाही. पहिल्या पत्रात ते नव्हतंच, कारण तो प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता.

त्या जुलैच्या रात्रीला पूर्ण परिच्छेद दिला. 'माझ्या मार्गदर्शनाखाली' हे शब्द जिथे मी खरंच हजर होते तिथेच ठेवले. तिने पत्र वाचून पेन्सिलने एकच दुरुस्ती केली: आतड्याच्या तुकड्यासमोर मी 'सुमारे 15' लिहिलं होतं, तिने पॅथॉलॉजीचा रिपोर्ट काढून '18' केलं.

गुरुवारची स्त्री रुग्णांची ओपीडी आता मी घेते. थिएटरच्या बाहेरच्या फळ्यावर केसपुढे ऑपरेट कोण करणार आणि कॅमेरा कोण धरणार ही दोन्ही नावं आदल्या संध्याकाळी लागतात, आळीपाळीने. पुढच्या मार्चपर्यंत तिच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया 31 वरून 52 झाल्या.

पुढच्या फेरीत तिने पुण्यात अर्ज केला. मुलाखतीला बोलावणं आलं. पंधरा मिनिटांपैकी बराचसा वेळ त्या हर्नियावरच गेला, असं तिने बाहेर पडल्याबरोबर फोनवर सांगितलं. एका परीक्षकांनी विचारलं होतं, जाळी का नाही घातलीस? उत्तर देताना तिने कागद मागून घेतला आणि चित्र काढलं.